लर्निंग लायसन्सवर ट्रेलर शिकायचा आहे (वडोदरा), सुरुवात कुठून करावी?

रावपुरेकर

नमस्कार मंडळी. वय २२, मोटारीचं पक्कं लायसन्स तीन वर्षांपासून आहे. मामांकडे ५५ टनी ट्रेलर आहेत, २२ चाकी. वरणाम्याहून कंटेनर न्हावाशेवाला, मध्ये मध्ये हजिऱ्याहून पोलादाच्या कॉइल, असं काम असतं. मला हे काम नीट शिकून करायचं आहे.

आतापर्यंत दोन सल्ले मिळाले आणि दोन्ही पचनी पडत नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगतात, हेवीचं लर्निंग काढा, महिन्याभराने आमच्या साध्या ट्रकवर टेस्ट द्या, लायसन्स आलं की ट्रेलर त्यातच आला. गाडीवरचे उस्ताद म्हणतात, लर्निंग हातात पडू दे, भरल्या गाडीवर भरूचपर्यंत बसवतो, हायवे सरळ आहे, दोन खेपांत हात बसेल.

ट्रेलरचं वेगळं लायसन्स असतं का? लर्निंगवर नेमकं काय चालतं? आणि घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा इंजिनवाला भाग) जोडणं-सोडणं आणि रिव्हर्स या दोन गोष्टी कुठल्या क्रमाने शिकाव्यात? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

परवाना_दर्जीपुरा

आधी कायद्याचं सांगतो, कारण उस्तादांचा सल्ला तिथेच अडतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४: ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय २० पूर्ण हवं. कलम ७: मोटारीचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. दोन्हींत तुम्ही बसता. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर करायचा, सोबत फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. मोटारीसाठी चालतं तसं स्वतःचं घोषणापत्र इथे चालत नाही. लर्निंगची मुदत सहा महिने, आणि ते निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही. टेस्टच्या वेळी स्कूलचं फॉर्म ५, म्हणजे शिकवल्याचं प्रमाणपत्र, लागतं. ते देण्याआधी स्कूलने तुम्हाला किमान ३० दिवसांच्या मुदतीत प्रत्यक्ष १५ तास गाडी चालवायला दिली पाहिजे, असं नियम ३१ सांगतो. हे १५ तास मागून घ्या. फॉर्मवर सही आणि स्टीअरिंगवर दोन-तीन फेऱ्या, एवढ्यावर समाधान मानू नका.

स्कूलवाले सांगतात ते कागदावर खरं आहे. १९९४ च्या दुरुस्तीपासून कलम १० मध्ये मध्यम, अवजड, माल, प्रवासी असे वेगवेगळे वर्ग उरले नाहीत, 'ट्रान्सपोर्ट वाहन' हा एकच वर्ग आहे. सेमी-ट्रेलर जोडलेल्या गाडीची व्याख्या कलम २ मध्ये वेगळी दिली आहे, लायसन्स मात्र वेगळं नाही. म्हणजे सहा चाकी ट्रकवर टेस्ट दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी ५५ टनांचा ट्रेलर कायदेशीरपणे रस्त्यावर काढू शकतो. मला हीच गोष्ट सगळ्यात घातक वाटते. जोडणं, सोडणं, मधून वळणाऱ्या गाडीचा रिव्हर्स, ट्रेलरचे ब्रेक, यातलं काहीच त्या टेस्टमध्ये येत नाही. ते शिकवण्याची सक्ती कुणावर नाही, म्हणून ते मागून, वेळ काढून शिकावं लागतं.

लर्निंगवर काय चालतं ते केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ३ मध्ये आहे. त्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा शेजारी हवा, आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. मागच्या बर्थवर झोपलेला उस्ताद चालत नाही. पुढे-मागे 'एल'ची पाटी: पांढरी, निदान १८ सेंमी चौरस, त्यावर लाल अक्षर १० सेंमी उंच, २ सेंमी जाड, तळाशी ९ सेंमी रुंद. मागची पाटी ट्रेलरच्या शेपटाला लावायची. घोड्याच्या मागे लावली तर ट्रेलर जोडल्यावर ती कुणालाच दिसत नाही.

आणि विमा, जो कुणी वाचत नाही. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरबद्दलचं एक कलम असतं. लर्निंगवाला चालेल, पण अपघाताच्या वेळी गाडी मालवाहतुकीसाठी वापरात नसली आणि नियम ३ पाळलेला असला तरच, अशी त्याची नेहमीची भाषा असते. भरल्या गाडीवर भरूचपर्यंत बसलात आणि काही झालं तर कंपनी याच ओळीवर बोट ठेवेल आणि भरपाई मामांच्या गळ्यात येईल. त्यांना पॉलिसी काढून ते कलम दाखवा. लर्निंग असेपर्यंत सराव रिकाम्या गाडीवरच.

आणखी एक. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मोटारीच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्ट वाहनही चालेल असा निकाल दिला, तो ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. ट्रेलरशी त्याचा काही संबंध नाही.

फिफ्थव्हील

जोडणं-सोडणं आधी शिका. रिव्हर्स त्याच्यानंतर. कारण ट्रेलरखाली घोडा सरळ घालता येणं हाच रिव्हर्सचा पहिला धडा आहे, आणि जोडणीत चूक झाली तर पुढचं काहीच उपयोगाचं राहत नाही.

जागा सपाट आणि टणक हवी. ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा. ही पायरी लोक गाळतात. आपल्याकडच्या कित्येक जुन्या ट्रेलरना स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगने लागणारा) नसतो, ट्रेलर धरून ठेवलेला असतो तो त्याच्या टाकीतल्या हवेने. रात्रभरात हवा गळली की ब्रेक आपोआप सुटतो. घोडा मागून टेकला की असा ट्रेलर मागे सरकतो, आणि मागे कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

मग फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्यावरची ट्रेलर टेकण्याची आणि अडकण्याची प्लेट, बघा: जबडा उघडा आहे का, प्लेटवर ग्रीस आहे का, ग्रीसमध्ये खडी किंवा लोखंडाचा कीस चिकटलाय का. किंगपिन, म्हणजे त्या जबड्यात अडकणारी ट्रेलरखालची पिन, तीही पुसून बघा. दोन इंची पिन नवी असताना ५०.८ मिमी असते, झिजून ४९ वर आली की बदलायची. गाडी उचलताना आणि ब्रेक लावताना दर वेळी मागून 'खडक्' असा धक्का येत असेल तर पिन किंवा जबडा झिजलाय असं समजा.

सगळ्यात महत्त्वाची उंची. ट्रेलरच्या पोटाखालची प्लेट फिफ्थ व्हीलच्या माथ्यापेक्षा दोन-तीन सेंमी खाली हवी, म्हणजे घोडा आत शिरताना ट्रेलरला किंचित उचलत जातो आणि पिन जबड्यात बरोबर बसते. ट्रेलर जास्त उंच राहिला तर पिन जबड्याच्या वर टेकते किंवा अर्धीच अडकते. आवाज येतो, हँडलही बरंचसं आत गेल्यासारखं दिसतं, आणि पहिल्या चढावर किंवा खड्ड्यात ट्रेलर सुटतो. फार खाली असला तर घोड्याची चासी किंवा मडगार्ड जाऊन धडकतं. उंची लँडिंग लेगच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या आधाराच्या पायांच्या, हँडलने जमवायची. भरल्या ट्रेलरला हळू गियर, रिकाम्याला जलद गियर. हँडलचा दांडा आत-बाहेर ढकलून तो बदलतो.

घोडा ट्रेलरच्या सरळ रेषेत आणा, एक हात अंतर ठेवून थांबा, उतरून उंची बघा, मग पहिल्या रिव्हर्समध्ये क्लचवर अलगद आत जा. खट्ट आवाज आला की तिथेच थांबा. आता ओढून बघायचं: ट्रेलरचे ब्रेक लागलेले आणि ओट तसेच ठेवून, पहिल्या गियरमध्ये पुढे हलका ताण द्या. दोनदा. मग इंजिन बंद, पार्किंग ब्रेक ओढा, किल्ली खिशात, आणि टॉर्च घेऊन खाली वाका. तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या: ट्रेलरची प्लेट आणि फिफ्थ व्हील यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये, जबडा पिनच्या मागून पूर्ण मिटलेला हवा, हँडल पूर्ण आत जाऊन त्याची सेफ्टी पिन लागलेली हवी. आवाजावर विश्वास ठेवू नका, टॉर्चवर ठेवा.

यानंतर पाइप. पिवळा सर्व्हिसचा, म्हणजे पायाचा ब्रेक ट्रेलरपर्यंत नेणारा; लाल सप्लायचा, म्हणजे ट्रेलरची टाकी भरणारा. लाल जोडताक्षणी ट्रेलरचा ब्रेक सुटू शकतो, म्हणून घोड्याचा पार्किंग ब्रेक ओढलेला असल्याशिवाय लाल पाइपला हात लावायचा नाही. गाडीच्या दोन भागांमध्ये उभं राहून हे काम करतो तेव्हा गाडी हलली तर निसटायला जागा नसते. कपलिंगच्या खाचा वेगळ्या असतात त्यामुळे पाइप उलटसुलट बसू नयेत, पण झिजलेल्या किंवा बाजारातून बदललेल्या कपलिंगवर बसतात. तसं झालं तर ट्रेलरचे ब्रेक सुटतच नाहीत, कारण त्याच्या टाकीला पायाचा ब्रेक दाबल्यावरच हवा मिळते. लोक मग ट्रेलर ओढून टायर घासतात. मग २४ व्होल्टची लाइटची केबल, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची वेगळी केबल. लँडिंग लेग पूर्ण वर घ्या, अर्धे नाहीत. हँडल त्याच्या हुकमध्ये अडकवा. शेवटी ओट काढा आणि मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

सोडताना उलट क्रम, फक्त दोन गोष्टी जास्त. लँडिंग लेगखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घाला. पावसाळ्यात काळ्या मातीच्या यार्डात भरल्या ट्रेलरचे पाय फळीशिवाय रुततात आणि ट्रेलर नाकावर बसतो. आणि हँडल ओढल्यावर घोडा एकदम बाहेर काढू नका. पिन सुटेल एवढं पुढे जाऊन, चासी अजून ट्रेलरखाली असतानाच थांबा, पाय भार झेलतायत का बघा, मगच बाहेर पडा.

मंजूसर_कॉर्नर

थोडा वेगळा मुद्दा. रावपुरेकर, लर्निंगवर थेट ट्रेलर घेऊ नका. आधी सहा किंवा दहा चाकी ट्रकवर गाडीची रुंदी, एअर ब्रेक आणि गियर अंगवळणी पडू द्या. ५५ टनी घोड्याला सहसा नऊ गियरचा बॉक्स असतो: क्रॉलर (सगळ्यात हळू गियर), मग चार खालचे, चार वरचे, आणि लिव्हरवर हाय-लोचं बटण. वेग जास्त असताना हायमधून लोमध्ये बटण टाकलं तर बॉक्सच्या सिंक्रोचं (गियर जुळवून घेणाऱ्या भागाचं) नुकसान होतं. हे शिकताना मागे १२ चाकांचा ट्रेलर असेल तर लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं.

आणि शिकवणाऱ्याला दोन्ही कामं यावी लागतात, चालवणं आणि सांगणं. वाघोडियाला ऑल गुजरात इन्स्टिट्यूट ऑफ ड्रायव्हिंग, टेक्निकल ट्रेनिंग अँड रिसर्च आहे. तिथे अवजड वाहनाचे वर्ग सध्या कुठले चालू आहेत ते जाऊन विचारा. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांना अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे, त्यात वर्गातले तासही आले.

फिफ्थव्हील

ट्रक आधी, हे मान्य. पण जोडणं-सोडणं शिकायला गाडी चालवावीच लागते असं नाही. ट्रकवर हात बसेपर्यंत रोज यार्डात घोडा जोडताना हजर राहा, टॉर्च धरा, पाय फिरवा. ते आजपासून सुरू होऊ शकतं.

रावपुरेकर

परवाना काका, विम्याची ओळ मामांच्या पॉलिसीत सापडली, शब्दशः तशीच आहे. भरूचचा विषय संपला. यार्डात रविवारी रिकामा ट्रेलर आणि मोकळी जागा मिळेल. रिव्हर्सचा सराव कसा मांडायचा? स्टीअरिंग उलटं फिरवायचं हे डोक्याला कळतं, पण दहा मीटरमध्ये ट्रेलर भलतीकडे वळतो आणि मग सावरत नाही.

उलटाआरसा

सावरत नाही याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: स्टीअरिंग जास्त फिरवलेलं आणि उशिरा परत आणलेलं. ट्रेलर लगेच ऐकत नाही. तुम्ही फिरवता, काहीच होत नाही, म्हणून आणखी फिरवता, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम येतो.

स्टीअरिंगचा वरचा भाग सोडा. हात अगदी खाली, सहाच्या काट्याच्या जागी धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं, हात त्या बाजूला न्या. शेपूट डावीकडे हवं तर तळातला हात डावीकडे. उलटसुलटचा हिशोब डोक्यात करावाच लागत नाही.

मांडणी अशी करा. रिकामे ड्रम किंवा कोन घेऊन साडेतीन मीटर रुंदीची गल्ली आखा. ट्रेलर जास्तीत जास्त २.६ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ४५ सेंमी मोकळे. लांबी गाडीच्या दुप्पट. पहिल्या रविवारी फक्त सरळ मागे. दोन्ही आरशांत ट्रेलरची कड सारखीच दिसली पाहिजे. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, तळातला हात त्याच्या उलट बाजूला थोडासा न्यायचा, आणि ट्रेलर हलला की लगेच परत मध्ये. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त नाही. गाडी आयडलवर, ॲक्सिलरेटरला पाय नाही. हे जमेपर्यंत वळणाला हात घालू नका. दोन-तीन रविवार गेले तरी चालतील.

मग उजवीकडचं वळण. आपलं स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे उजवीकडे मागे जाताना ट्रेलरचं शेपूट स्वतःच्या बाजूच्या आरशात आणि खिडकीतून दिसतं. आधी हात उजवीकडे नेऊन कोन तयार करा, कोन पुरेसा झाला की स्टीअरिंग उलट फिरवून घोडा ट्रेलरच्या मागे 'पाठवा'. कोन बनवणं सोपं, तो धरून ठेवणं हीच खरी कला. डावीकडचं वळण सगळ्यात शेवटी शिकायचं, कारण तिथे ट्रेलर वळला की डाव्या आरशात फक्त त्याची भिंत दिसते आणि शेपूट पूर्ण आंधळं होतं. कामावर गोदाम निवडता येत नाही, पण गल्लीत कुठल्या तोंडाने शिरायचं ते बहुतेक वेळा निवडता येतं. उजव्या बाजूचा रिव्हर्स मिळेल असंच तोंड निवडा, त्यासाठी अर्धा किलोमीटर वळसा पडला तरी.

घोडा आणि ट्रेलर यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ जायला लागला की थांबा. त्यापुढे ट्रेलरचा कोपरा केबिनच्या पाठीला लागतो, पाइप ताणून तुटतात. तिथे स्टीअरिंगने सावरायचा प्रयत्न व्यर्थ असतो. पुढे जाऊन गाडी सरळ करा आणि पुन्हा सुरू करा. पुढे जाणं म्हणजे हरणं नाही, जुने चालकही तेच करतात.

क्लीनरशी आधी बोलून ठेवा: तो आरशात दिसेल अशाच जागी उभा राहील, आणि दिसेनासा झाला की गाडी त्याच क्षणी थांबेल. ओरडण्यावर भिस्त नको, इंजिनाच्या आवाजात 'येऊ दे' आणि 'राहू दे' यात फरक कळत नाही. हात वर म्हणजे थांबा, एवढं एक ठरवा. शंका आली तर उतरून मागे चालत जाऊन बघा. वर लोंबणारी वायर आणि गोदामाची पन्हाळ आरशात दिसत नाहीत.

पुढे जातानाचं वळणही यार्डातच मोजून बघा. किंगपिन १२ मीटर त्रिज्येने फिरला आणि पिनपासून ट्रेलरच्या तीन धुऱ्यांच्या मध्यापर्यंत ८ मीटर असतील, तर पूर्ण गोल फेरीत मागची चाकं साधारण ९ मीटरच्या गोलावर येतात. म्हणजे तीन मीटर आत. चौकातल्या काटकोनी वळणात फरक पूर्ण पडायच्या आत वळण संपतं, तरी दोन मीटर धराच. जमिनीवर चुन्याने पिनची वाट आणि मागच्या चाकाची वाट आखून घ्या, एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. डावीकडे वळताना हे दोन मीटर मिळवायला पुढे सरळ जाऊन उशिरा वळावं लागतं, आणि तेवढ्यात डाव्या बाजूला तयार झालेल्या फटीत स्कूटर शिरते. गोल्डन चोकडीसारख्या ठिकाणी वळण सुरू करण्याआधी आणि वळणाच्या मध्ये, दोन्ही वेळा डावा आरसा. तिथे माणसाचा जीव असतो.

प्रेशर_आठ

ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

सकाळी हवा ७-८ बार भरेपर्यंत गाडी हलवायची नाही. साडेचार-पाचच्या खाली बझर वाजतो, तो वाजत असताना निघणारे चालक दिसतात, त्यांचं अनुकरण नको. हवा भरली की इंजिन बंद करा, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि एक मिनिट काटा बघा. पहिला थोडा उतार सोडला तर काटा स्थिर राहिला पाहिजे. सरकत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि बहुतेक वेळा ते लाल-पिवळ्या कपलिंगचं रबर असतं. ते रबर स्वस्त मिळतं, जोडीने दोन गाडीत ठेवा. टाक्यांखालचे ड्रेन रोज उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक, तेलकट चिखल येत असेल तर कॉम्प्रेसर आणि ड्रायर दाखवायला हवेत.

आता हँड व्हॉल्व्ह, म्हणजे फक्त ट्रेलरला ब्रेक लावणारी छोटी दांडी. जोडणी तपासताना ती कामाची आहे. पार्किंगसाठी ती लावू नये, हवा उतरली की गाडी सुटते. आणि घसरण्याच्या वेळी तर ती ओढूच नये. ट्रेलरची चाकं लॉक झाली की ट्रेलरचं शेपूट बाजूच्या लेनमध्ये झाडू मारत जातं. आरशात ट्रेलर बाहेर येताना दिसला तर ब्रेक सोडा, चाकं फिरू लागली की तो परत रेषेत येतो.

उलट प्रकार जास्त वाईट: घोड्याची मागची चाकं लॉक होणं. मग मागचा ट्रेलर घोड्याला ढकलत राहतो आणि घोडा त्याच्यावर मिटतो. हे बहुधा रिकाम्या गाडीत आणि पहिल्या पावसात होतं, रस्त्यावर धूळ आणि डिझेलचा लेप असतो तेव्हा. रिकाम्या घोड्यावर भार कमी असतो, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) फक्त घोड्याच्याच चाकांवर काम करतो. म्हणून ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा आणि पायाच्या ब्रेकने, लांबून, हलका दाब द्या. तुमचा सराव रिकाम्या गाडीवरच होणार आहे, म्हणून हे तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं. 'रिकामी आहे, लवकर थांबेल' हा समज मनातून काढा. ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर पटकन लॉक होतो.

एबीएस चालू असेल तर संकटात ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही. ट्रेलरचा एबीएसचा दिवा पेटलेलाच राहत असेल तर एबीएस नाही असं धरूनच चालवा, आणि आधी त्याची केबल बघा, बहुतेकदा ती सैल किंवा चिरडलेली असते.

अलकापुरी_प्रश्न

मध्येच विचारतो. हे लायसन्स काढून पुढे ब्रिटनमध्ये ट्रेलर चालवता येतो का? भाचा विचारतोय.

परवाना_दर्जीपुरा

नाही. भारतीय लायसन्स तिथे बदलून मिळत नाही. तिथलं मोटारीचं लायसन्स काढायचं, मग अवजड गाडीचा प्रोव्हिजनल हक्क डॉक्टरच्या तपासणीसह मागायचा, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. जोडलेल्या गाडीचा तिथे वेगळा वर्ग आहे, 'सी प्लस ई'. पूर्वी आधी साध्या लॉरीची 'सी' परीक्षा द्यावी लागायची, १५ नोव्हेंबर २०२१ पासून थेट 'सी प्लस ई' देता येते. तिच्यात ट्रेलर सोडून पुन्हा जोडून दाखवणं आणि रिव्हर्स दोन्ही असतात. धंद्यासाठी चालवायचं तर वर ड्रायव्हर सीपीसी (धंद्याने चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र), आणि ते टिकवायला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण. भाच्याला हे गणित पैशांसकट मांडायला सांगा.

रावपुरेकर

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक विचारतो: पक्कं लायसन्स आल्यावर पहिल्या भरल्या खेपेला काय निवडावं? कॉइल, कंटेनर, की मामा म्हणतात तसं नंदेसरीचं केमिकल?

फिफ्थव्हील

केमिकल नाही. धोकादायक मालासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण करून. शिवाय टँकरमधला द्रव ब्रेक लावल्यावर पुढे आदळतो आणि वळणावर बाजूला चढतो. ते नंतर.

कॉइलही पहिल्यांदा नको. एकेक कॉइल कित्येक टनांची, थोड्या जागेत सगळा भार, आणि साखळी किंवा ओट सैल पडला तर केबिनच्या दिशेनेच येते.

कंटेनर घ्या, पूर्ण ४० फुटी, हलक्या मालाचा. चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारी फिरती कुलपं) स्वतः फिरवून बघा, दांडी लॉकच्या बाजूला आहे एवढं बघून पुढे जाऊ नका, गंजलेल्या लॉकची दांडी फिरते आणि डोकं फिरत नाही. वर वाकून डोकं आडवं झालंय का ते बघायचं. २० फुटी एकच कंटेनर मिळाला तर तो ट्रेलरच्या मध्यावर ठेवायला सांगा. दार उघडायला सोयीचं म्हणून डेपोवाले शेपटाला ठेवतात, पण मग घोड्यावरचा भार कमी होतो आणि मागच्या तीन धुऱ्यांवर जास्त पडतो. तीन धुऱ्यांची मर्यादा २७ टन आहे, एकूण वजन बसत असलं तरी ती ओलांडली जाऊ शकते. काट्यावर एकूण वजन झालं की फक्त मागच्या धुऱ्या चढवूनही एकदा वजन घ्या.

चार पदरी हायवेला मालगाडीची मर्यादा ८० आहे. पहिल्या भरल्या खेपेला ५५-६० पुरे. जांबुव्याजवळ रांग लागली तर पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून दर दहा फुटांना क्लच मारू नका. अंतर पडू द्या आणि क्रॉलरमध्ये क्लच सोडून सलग सरकत राहा. पहिल्या तासाभरात एकदा सुरक्षित जागी थांबून ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये किंवा बेअरिंग जातंय. तिथून पुढे न जाता मामांना फोन करा.